गोल नळीतला उजेड

आर्मंड पेल्की जे बोलला, ते ओडेट गाबुरीच्या कानात वर्षभर जसंच्या तसं राहिलं होतं. गेल्या मार्चमधली गोष्ट. मेपलच्या झाडांच्या रसाचं सिरप विकत घेणाऱ्या गावातल्या शेडमध्ये आठ-दहा माणसं उभी होती. आर्मंडने तिच्या धाकट्या भावाच्या पहिल्या पिंपातलं सिरप छोट्या बाटलीत घेतलं, खिडकीशी धरलं, शेजारी मांडलेल्या नमुन्याच्या बाटल्यांशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "गडद. काय रे रेयाल, पहिल्या रसाचं सिरप गडद कसं निघतं? रस टाकीत पडून राहिला, की तू कुठे पडून राहिला होतास?"

माणसं हसली. सगळी नव्हेत, पण पुरेशी.

रेयाल पूर्वी प्यायचा हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांपासून त्याने थेंबाला हात लावलेला नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. उरलेली पिंपं त्याने उतरवलीच नाहीत. ट्रक वळवला आणि घरी गेला. दारू सोडलेली माणसं दर आठवड्याला चर्चच्या तळघरात जमत, त्यांच्यासाठी कॉफी करण्याचं काम कित्येक वर्षं त्याच्याकडे होतं. ते त्याने सोडलं, कारण कप हातात घेताना लोक त्याच्या डोळ्यांत नको इतकं निरखून बघायला लागले होते. उन्हाळ्यात त्याने मेपलच्या झाडांमधून रस खाली आणणाऱ्या नळ्या उतरवल्या आणि गुंडाळून ठेवल्या. यंदा फेब्रुवारीत पलीकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या कंपनीला त्याने झाडं भाड्याने द्यायचं कबूल केलं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा असते. ती आटोपली की सही करायची होती.

रेयालचं घर उताराच्या वर होतं; ओडेट त्याच रस्त्यावर, खालच्या घरात एकटी राहायची. बर्लिंग्टनजवळच्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात तिने अख्खी नोकरी तपासणी विभागात काढली होती आणि कारखान्याचा तो विभाग बंद झाल्यावर ती गावी परतली होती. ती रागीट होती, पण तिचा राग आरडाओरडीचा नव्हता. तो काम काढून बसणारा राग होता. रेयालच्या होकाराची बातमी कळली त्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावरचं सामान बाजूला सारलं, तळघरातून सुट्या भागांचा खणांचा डबा वर आणला आणि सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली.

सिरपचा दर्जा रंगावर ठरतो आणि रंग म्हणजे शेवटी त्यातून किती उजेड पार जातो तेवढंच. एक सेंटीमीटर जाडीच्या सिरपातून शंभरातला पंच्याहत्तर किंवा जास्त उजेड गेला तर सोनेरी, पन्नास किंवा जास्त गेला तर अंबर, त्याखाली गडद, ज्याला भाव कमी. त्यासाठी यंत्रं मिळतात. शेडमध्ये यंत्र नव्हतं. रंगीत द्रवाच्या तीन नमुना-बाटल्या होत्या आणि आर्मंडचे डोळे होते. आर्मंडच्या बापाचेही डोळे याच कामावर होते, त्यामुळे खोऱ्यात कोणी दुसरं काही मागितलं नव्हतं.

ओडेटकडे पुरावा होता. दर वर्षी पहिल्या दिवशी काढलेल्या सिरपची एक बरणी रेयाल तिला आणून द्यायचा. ती बरणी फ्रीझरमध्ये जायची आणि ईस्टरला उघडायची. गेल्या वर्षी ईस्टरला दोघांपैकी कोणाला पॅनकेक खायची इच्छा झाली नाही. आर्मंडने गडद ठरवलेल्या पिंपातलंच ते सिरप. फ्रीझरमध्ये ते गोठतही नाही आणि बदलतही नाही. ते तसंच्या तसं बसून होतं.

ते मोजायचं यंत्र ती स्वतःच बांधायला बसली. त्यातला उजेड टिपणारा फोटोडायोड मसुराच्या डाळीएवढा होता. त्याच्यावर उजेड पडला की तो प्रवाह देतो. जेवढा उजेड तेवढा प्रवाह, पण इतका क्षीण की साध्या मीटरला त्याचा पत्ताही लागू नये. तो मोठा करायला तिने ऑप-अँप नावाचा छोटा वर्धक लावला आणि त्याच्या डोक्यावरून परत एक भलामोठा रेझिस्टर फिरवला, म्हणजे क्षीण प्रवाहाचे वाचता येतील असे व्होल्ट होतात. समोरून उजेड द्यायला हिरवा एलईडी घेतला, कारण सिरपचा गडदपणा हिरव्या उजेडात नीट पकडला जातो. दोघांच्या मध्ये सिरपची नळी उभी राहील अशी खाच केली. हे सगळं बसवलं ते प्लंबरच्या काळ्या पाइपाच्या तुकड्यात.

मीटर लावला तर आकडा थरथरत होता. कारण शोधायला वेळ लागला नाही. छतावरची ट्यूबलाइट डोळ्यांना स्थिर दिसते, पण ती सतत लुकलुकत असते आणि फोटोडायोडला ते दिसतं. तिने पाइपाच्या फटी काळ्या टेपने बंद केल्या, वर झाकण केलं आणि रेझिस्टरला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडला. थरथर थांबली.

मग दुसरंच सुरू झालं. झाकण लावलेलं, एलईडी बंद, आत काळोख, म्हणजे आकडा शून्य यायला हवा. तो हळूहळू वर चढत होता. तिने फोटोडायोड बदलला, ऑप-अँप बदलला, तरी चढत होता. दोन दिवस ती त्या आकड्याला शिव्या घालत होती. शेवटी सर्किटचा तुकडा उचलताना तो टेबलावरच्या मेणकापडाला चिकटला आणि सोडवताना चट्ट असा आवाज आला. तेव्हा तिला कळलं. या खोऱ्यातल्या कुठल्याही घरातल्या टेबलावर सिरपचा हात फिरलेला असतो. पुसलं तरी एक पातळ थर राहतोच. तो थर हवेतली ओल ओढतो आणि ओलसर साखरेतून प्रवाह झिरपतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टरच्या शेजारी तेवढी वाटही पुरते. तिने सर्किट स्पिरिटने धुतलं, ब्रशने घासलं, पुन्हा धुतलं, टेबलावर कोरा पुठ्ठा अंथरला आणि आपले हातही कोपरापर्यंत स्पिरिटने चोळले. काळोखात शून्य आलं आणि शून्यावर राहिलं.

नमुन्यासाठी तिने औषधाच्या दुकानात मिळते तशी काचेची छोटी गोल नळी घेतली. आतून एक सेंटीमीटर, म्हणजे नियमाप्रमाणेच. नळीत स्वच्छ पाणी भरून तिने आकडा शंभरवर जुळवला. मग नळी कोरडी करून फ्रीझरमधल्या बरणीतलं सिरप भरलं, झाकण लावलं आणि मीटरकडे पाहिलं.

चव्वेचाळीस.

तिने पुन्हा पाण्याने जुळवलं, पुन्हा सिरप भरलं. चव्वेचाळीस. बॅटरी बदलली. चव्वेचाळीस. यंत्राने एकदाही वेगळा आकडा दिला नाही आणि तिच्या अख्ख्या नोकरीचा धर्म असा होता की जे यंत्र पुनःपुन्हा तोच आकडा देतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा. चव्वेचाळीस म्हणजे गडद. आर्मंड बरोबर होता.

राग गेला नाही. त्याने फक्त तोंड फिरवलं. वर्षभर जो आर्मंडकडे बघत होता तो आता वरच्या घराकडे बघायला लागला. रेयालने काही म्हटलं का नाही तेव्हा? खरा माणूस असा गप्प ट्रक वळवून निघून जातो का? पहिला रस थंडीत निघतो, तो ताजा असतो, लगेच उकळला तर अंबरच्या खाली जायचं कारणच नाही. तो पडून राहिला असला तरच गडद होतो आणि तो पडून राहतो कधी? तिने कोट घातला, टोपीही न घेता उतार चढून वर गेली.

रेयाल ट्रॅक्टर घेऊन रानात लाकडं आणायला गेला होता. त्याच्या गुऱ्हाळाला कधी कुलूप नसायचं. लाकडी खोली, मधोमध रस आटवायची लांबलचक काहील, खाली भट्टी, छताला वाफ जायची झडप. काहील पालथी घातलेली होती आणि सगळीकडे थंड राखेचा वास होता. ओडेटने भट्टीचं दार उघडून आत पाहिलं. लाकडांच्या थप्पीमागे हात घातला. उकळीचा फेस बसवायच्या तेलाचा डबा हुंगला. गाळणीच्या जाड फडक्यांची घडी उलगडली. भिंतीवर टांगलेल्या जुन्या कोटाचे खिसे चाचपले. खिडकीत गेल्या मोसमाच्या बाटल्यांची रांग होती. इथले सगळेच ठेवतात तशी, रोजच्या उकळीची एक बाटली, फिकटापासून गडदापर्यंत. त्यांच्या मागेही तिने पाहिलं.

"डावीकडच्या बुटात बघितलंस?"

रेयाल दारात उभा होता. खांद्यावर बर्फ, हातात हातमोजे.

"पूर्वी बाटली तिथे असायची," तो म्हणाला. "बाबांच्या बुटात. उजव्यात नाही बसायची, त्याचं तोंड अरुंद आहे."

ओडेटने तिच्या यंत्राचं सांगितलं. कसं बांधलं, किती वेळा तपासलं, आकडा किती आला, सगळं एका दमात सांगितलं, जणू अहवाल देत होती. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला थोडा वेळ लागला. आला तेव्हा आवाज उलट खाली गेला.

"म्हणजे चव्वेचाळीस आले म्हणून तू इथे आलीस."

"मग काय समजू मी? तूच सांग."

"मला विचारायचंस. खालच्या घरातून वर यायला तेवढाच वेळ लागतो, यंत्र बांधायला लागतो त्यापेक्षा कमी."

ती म्हणाली की विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. हे तोंडातून गेल्यावर ते परत घेता येणार नव्हतं आणि तिने घेतलंही नाही. ती इतकी चिडलेली होती. रेयालने दोन पावलं पुढे येऊन नाकाने हवा ओढली.

"वास तर येतोय," तो म्हणाला. "तुझ्याच हातांना येतोय, ओडेट. कोपरापर्यंत. जा आता. मंगळवारी सही करतो, झाडं जातील, मग तुला मोजायला काही उरणार नाही."

ती उतरून घरी आली. त्याच्यावर चिडलेली, स्वतःवर चिडलेली आणि दोन्हींतलं जास्त कोणतं ते न कळल्यामुळे आणखी चिडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बोटं दुखून आली. स्पिरिटने चोळून चोळून थंडीत कातडी भेगाळली होती. न्हाणीतल्या कपाटात ग्लिसरीनची बाटली होती, त्यातलं तळहातावर ओतलं आणि ती चोळता चोळता थांबली.

ग्लिसरीन. दर्जाचा नियम तिने पूर्वी कुठेतरी वाचला होता आणि त्यात शंभरवर जुळवायला पाणी सांगितलेलंच नव्हतं. ग्लिसरीन सांगितलं होतं. तेव्हा तिला ते सरकारी नखरे वाटले होते. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, मग फरक काय?

तिने हात पुसले. गोल नळीत पाणी भरून शंभर जुळवलं, मग त्याच नळीत ग्लिसरीन भरलं. नितळ, काचेसारखं, ज्यातून पलीकडची अक्षरं वाचता येतात. मीटरने बहात्तर दाखवले.

ओडेट खुर्चीत बसली. नितळ द्रव यंत्राच्या मते अंबर होता. मग कशामुळे ते सांगायला तिला कोणाची गरज नव्हती. गोल नळी भरली की ती भिंग होते. पाण्याचं भिंग उजेड एका ठिकाणी गोळा करतं. ग्लिसरीन आणि सिरप दोन्ही दाट, ती उजेड जास्त वाकवतात, आधीच गोळा करतात आणि डाळीएवढ्या फोटोडायोडपर्यंत पोचेतो तो पसरून बाजूने निघून जातो. सिरपने तो उजेड गिळलेलाच नव्हता. तो फक्त डायोडला चुकवून गेला होता. आणि यंत्र प्रत्येक वेळी तीच चूक तितक्याच इमानाने करत होतं.

ती शाळेत गेली. तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डेल व्हिटकमकडून तिने चौकोनी काचेचं एक छोटं पात्र मागून आणलं, आतून एक सेंटीमीटर, बाजू सपाट. ग्लिसरीनने शंभर जुळवलं. रेयालचं सिरप भरलं.

एकसष्ट. अंबर. वादच नाही.

सोमवार होता. ती उतार चढून वर जाऊ शकली असती. दारापर्यंत गेली, कोटाला हात घातला आणि परत फिरली. नुसता आकडा घेऊन त्याच्यापुढे उभं राहायची तिची हिंमत झाली नाही. आर्मंडला गावासमोर खाली खेचून मग जावं, रिकाम्या हाताने जाऊ नये, असं तिने ठरवलं. ते शहाणपणाचं होतं की नाही यावर तिने विचार केला नाही. राग परत जुन्या जागी, आर्मंडवर गेला होता आणि तिला तिथे तो बरा वाटत होता.

मंगळवारी गावसभा नेहमीसारखी झाली. रस्त्यावरच्या मिठापासून अग्निशमनच्या गाडीपर्यंत सगळं सकाळभर चाललं. दुपारी जेवणाला गोडसर शिजवलेला राजमा, हॅम आणि पाव झाले. मग शेवटचा विषय आला, 'इतर कामकाज', ज्यात कोणीही उठून काहीही बोलू शकतो. सभापती दर वर्षीप्रमाणे आर्मंड पेल्की होता. सभेचा नियम असा की बोलायचं ते सभापतीला उद्देशून, एकमेकांशी नाही, आणि अदबीने. ओडेट उठली. आर्मंड आणि ती शाळेत एका बाकावर बसलेली होती, एरवी एकमेकांना अरेतुरे करायची.

"सभापती महोदय," ती म्हणाली, "खरेदीच्या शेडमधल्या नमुना-बाटल्या इथे मागवाव्यात अशी माझी विनंती आहे."

आर्मंडने कशासाठी म्हणून विचारलं. तिने काळा पाइप टेबलावर ठेवला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की सभेत प्लंबिंगचा विषय सकाळीच झाला, आणि लोक हसले. आर्मंडही हसला. तो मनाने दुष्ट नव्हता, त्याला माणसं हसवायला आवडायचं, एवढंच. शेड रस्त्यापलीकडेच होती. एकजण जाऊन बाटल्यांचं खोकं घेऊन आला.

मीटर तिने स्वतः वाचला नाही. तो व्हिटकमच्या हातात दिला आणि त्याने मोठ्याने वाचायचं ठरलं. आधी ग्लिसरीन, शंभर. मग रेयालचं सिरप. व्हिटकम म्हणाला, एकसष्ट. कुजबुज झाली. इथे त्या आकड्याचा अर्थ कोणाला समजवावा लागत नाही. मग तिने खोक्यातली मधली बाटली उचलली, जिच्यावर पन्नास छापलेलं होतं, म्हणजे अंबरची खालची हद्द. बूच काढून तिने त्यातला द्रव पात्रात ओतला.

"त्रेसष्ट," व्हिटकम म्हणाला. मग त्याने झाकण उघडून पुन्हा लावलं आणि पुन्हा म्हणाला, "त्रेसष्टच."

ओडेटने खोकं उलटं करून त्याच्या पाठीवर छापलेलं वाचलं. एका मोसमापुरतं वापरावं. उन्हात ठेवू नये. खोक्यावरचा मोसम केव्हाच उलटून गेलेला होता. बाटल्या शेडच्या दक्षिणेकडच्या खिडकीत असतात, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. उन्हाने त्यांचा रंग उतरला होता. फिकट पडलेल्या नमुन्याशी ताडलं की चांगलं सिरपही गडदच दिसणार.

"खिडकीत छान दिसतात," आर्मंड म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "चर्चच्या काचांसारख्या. त्यात वाईट काय आहे, असं वाटलं."

मग सभेत एकच गलका झाला. ज्याला त्याला आपापली पिंपं आठवली. कोणाचं गेल्या वर्षी गडद ठरलं होतं, कोणाचं त्याच्या आदल्या वर्षी. नवीन नमुने कधी येणार, यंत्र घ्यायचं का, जुन्या खरेदीचं काय, सगळे एकाच वेळी बोलत होते आणि आर्मंड हातोडी आपटत होता. रेयालचं नाव कोणी घेत नव्हतं. ओडेट उभीच होती. बसा म्हणून तिला दोनदा सांगितलं गेलं. ती बसली नाही.

"सभापती महोदय, तुम्ही माझ्या भावाला त्या दिवशी काय म्हणालात, ते सभेला सांगा."

आर्मंड म्हणाला की नमुना जुना होता, त्यामुळे घोटाळा झाला, आणि शेडच्या वतीने त्याला वाईट वाटतं.

"बाटली काही बोलली नव्हती," ओडेट म्हणाली. "बाटलीने फक्त रंग दाखवला. बोललात तुम्ही."

कोणी हसलं नाही. आर्मंडने हातातली हातोडी टेबलावर ठेवली. मग म्हणाला की ती मस्करी होती, आणि वाईट मस्करी होती, आणि रेयाल सभेत असेल तर आपण त्याची माफी मागतो. हे म्हणायला त्याला जड गेलं, हे सगळ्यांना दिसलं. ओडेटला वाटलं होतं की त्यानंतर छातीतलं काहीतरी सुटेल. ते सुटायच्या आतच मागच्या भिंतीपाशी खुर्ची सरकली.

रेयाल उभा राहिला होता. तो आलेला आहे हे तिला माहीत नव्हतं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कंपनीचा माणूस बसला होता, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन.

"सभापती महोदय, मला मिस गाबुरींना काही विचारायचं आहे."

"विचारा," आर्मंड म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

"या यंत्राने पहिल्यांदा किती दाखवलं होतं?"

ओडेटने वळून त्याच्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे तिने आर्मंडकडे बघून बोलायला हवं होतं.

"चव्वेचाळीस."

"का?"

"नळी गोल होती. शंभर जुळवलं ते पाण्याने. चूक माझी होती."

"आणि चूक कळायच्या आधी मिस गाबुरी कुठे गेल्या होत्या?"

सभागृहात शेगडीवरच्या कॉफीचा आवाज येत होता. ती म्हणू शकली असती की याचा विषयाशी संबंध नाही, आणि आर्मंडने ते आनंदाने मान्य केलं असतं.

"तुझ्या गुऱ्हाळात," ती म्हणाली. "दारूच्या बाटल्या शोधायला."

आर्मंडने तिला नियमाची आठवण करून दिली नाही.

रेयालने मान हलवली, जणू आकडा बरोबर जुळला. "आर्मंडकडे जुनी बाटली होती," तो म्हणाला. "हिच्याकडे नवीन यंत्र होतं. दोघांनी एकच ठरवलं आणि दोघांपैकी कोणी मला विचारलं नाही. मला एवढंच सांगायचं होतं." त्याने टोपी घातली आणि सही न करता कंपनीच्या माणसाच्या गुडघ्यांवरून पाय टाकून बाहेर गेला. जाताना त्याने आर्मंडकडे पाहिलं नाही. ओडेटकडेही नाही. आर्मंडची माफी त्याने घेतली की नाकारली, हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

काळा पाइप सभागृहाच्या टेबलावरच राहिला. नंतर व्हिटकमने तो शेडमध्ये नेऊन ठेवला, सावलीच्या बाजूला. ओडेट तो मागायला गेली नाही.

पुढच्या आठवड्यात दिवसा ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी अशी हवा पडली. रस सुटतो तो याच हवेत. ओडेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून वर बघायची. एका सकाळी रानातून ठोक ठोक असा आवाज आला. नळ्या पुन्हा बांधायला रेयालला वेळ नव्हता. त्याने बाबांच्या जुन्या पत्र्याच्या बादल्या काढल्या होत्या आणि रस्त्याकाठच्या झाडांना तोट्या ठोकून त्या टांगत होता. झाडं कंपनीकडे गेली नव्हती. तेवढं कळलं. बाकी काही तिला कळवलं गेलं नाही.

दोन दिवसांनी गुऱ्हाळाच्या छतावरून वाफ निघाली. ओडेट कोट घालून वर गेली. दाराला नवी कडी होती आणि ती आतून लावलेली होती. या दाराला कडी तिने जन्मात पाहिली नव्हती. ती ठोठावायच्या आधी बराच वेळ उभी राहिली. आतून काहील उकळल्याचा घोंघावणारा आवाज येत होता आणि फटींमधून गोड वाफ बाहेर येत होती. तिने ठोठावलं.

"कोण?"

"मी."

आत लाकूड भट्टीत टाकल्याचा आवाज झाला. दार उघडलं नाही.

"यंत्र आणलंस?"

"नाही."

तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. आपलं चुकलं, हे उताराच्या प्रत्येक वळणावर तिने मनात म्हणून पाहिलं होतं आणि दरवेळी त्याच्या मागोमाग, तू पण तेव्हा काही बोलला नाहीस, हे यायचं. ते दोन्ही तिने तोंडातच ठेवलं. आतला माणूसही चिडलेला होता आणि त्याला तसा हक्क होता.

"भट्टी मंदावत चाललीये, आतलं लाकूड संपलंय," आतून आवाज आला. "काहील सोडून मला बाहेर येता येत नाही."

एवढंच. लाकडांची थप्पी गुऱ्हाळाच्या मागच्या बाजूला, बर्फात होती. ओडेट तिथे गेली आणि दोन्ही हातांच्या कवेत मावतील तेवढी फाटी उचलून आणली. भेगाळलेल्या बोटांत फाट्यांची सालं रुतत होती. तिने बुटाने दार ठोठावलं. कडी सरकली, दार अर्धंच उघडलं, वाफेतून दोन हात बाहेर आले, त्यांनी लाकडं आत घेतली आणि दार पुन्हा लागलं. कडी पुन्हा लागल्याचा आवाज तिने कान देऊन ऐकला.

मग ती पुढच्या खेपेसाठी थप्पीकडे वळली.